तारीख आतल्या बाजूला होती

हे लिहायचं मी बरेच दिवस टाळलं. फसवणारा हुशार होताच, पण त्याच्यासमोर उभा असताना मी स्वतःला त्याच्याहून हुशार समजत होतो, आणि ते कबूल करायला जड जातं. टायरच्या मापांचं गणित मला येतं, याचा मला गर्व होता. त्याने त्या गणिताला हातही लावला नाही. उलट ते मला करू दिलं.

गाडी दोन दारांची, मागच्या चाकांवर ओढ असलेली, रोजच्या रस्त्यावर चालवायची स्पोर्ट्स कार. ट्रॅकवर मी तिला नेत नाही. कंपनीने पुढे-मागे वेगळी मापं दिली आहेत: पुढे साडेसात इंच रुंद रिमवर २२५/४५ आर १७ आणि मागे साडेआठ इंची रिमवर २४५/४० आर १७. (पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत, शेवटचा रिमचा व्यास इंचांत.) मागचे दोन टायर संपले होते. नक्षीच्या खाचांत ज्या बारीक आडव्या पट्ट्या असतात, त्या १.६ मिलिमीटरवर नक्षीला टेकतात. माझ्या टेकल्या होत्या. पुढच्या दोघांत मात्र अजून पाचेक मिलिमीटर शिल्लक होतं. म्हणजे मला दोनच टायर हवे होते.

दोन घ्यायला गेलो आणि चार घेऊन आलो.

टायरवाल्याचं पहिलं वाक्य अगदी खरं होतं, हे मला आजही मान्य करावं लागतं. तो म्हणाला, "साहेब, पुढे एक कंपनी आणि मागे दुसरी, असं या गाडीला करू नका. पकड वेगळी, ओल्या रस्त्यात वागणं वेगळं." बरोबरच आहे. मीही कोणालाही हेच सांगेन. पुढचं वाक्य होतं, "तुमच्या पुढच्या टायरचं मॉडेल मागच्या मापात आता येत नाही." ते खोटं होतं. पण पहिल्या खऱ्या वाक्याच्या पाठोपाठ आलं, त्यामुळे मी ते तपासलंच नाही.

मग त्याने उपाय काढला. चारही टायर एकाच मापाचे, २४५/४०. पुढे रुंदी वाढली की पकड वाढणार. शिवाय चारही सारखे असले की चाकं पुढे-मागे फिरवता येतील, टायर जास्त टिकतील. मी फोन काढला आणि तिथेच हिशेब केला. २२५ चे ४५ टक्के म्हणजे १०१.२५, त्याची दुप्पट २०२.५, त्यात १७ इंचांचे ४३१.८ मिळवले की व्यास ६३४.३ मिलिमीटर. २४५/४० चा तसाच काढला तर ६२७.८. फरक एक टक्का. तीन टक्क्यांपर्यंतचा फरक साधारणपणे चालवून घेतात, त्यामुळे स्पीडोमीटरला काही होणार नव्हतं. तो आकडा मी त्याला मोठ्या ऐटीत दाखवला. तो म्हणाला, "वा! इतकं बघणारं गिऱ्हाईक आमच्याकडे क्वचित येतं."

ते वाक्य मला फार महागात पडलं.

व्यास जुळला म्हणजे माप जुळलं, असं नसतं. टायर ज्या रिमवर बसवायचा त्या रिमच्या रुंदीलाही मर्यादा असतात, आणि त्या टायर-कंपन्यांच्या तक्त्यात छापलेल्या असतात. २४५/४० आर १७ ला आठ ते साडेनऊ इंचांचं रिम लागतं. माझं पुढचं रिम साडेसातचं. एवढा रुंद टायर अरुंद रिमवर कोंबला की त्याच्या कडा आत खेचल्या जातात, बाजू फुगते, जमिनीला टेकणारा पट्टा मधोमध बाहेर फुगून त्याच्या दोन्ही कडा उचलल्या जातात आणि वळणावर टायर रिमवर डुलतो. कागदावर वीस मिलिमीटर रुंदी वाढते, पण हातात येते ती ढिलाई. चाकं फिरवण्याची गोष्ट तर थापच होती. पुढचं-मागचं रिमच वेगळ्या रुंदीचं असेल तर टायर सारखे असून चाकांची अदलाबदल करायची कशी? हे घरी सुचलं. तिथे सुचायला हवं होतं.

आणि कंपनीने पुढे अरुंद टायर दिले, ते काटकसर म्हणून नव्हे. मागच्या ओढीच्या गाडीत पुढची पकड थोडी आधी संपावी, म्हणजे वेग जास्त झाला तर गाडीचं नाक बाहेर सरकतं, चालवणाऱ्याला कळतं आणि तो पाय उचलतो. पुढची पकड वाढवून मागची तशीच ठेवली की हा तोल बिघडतो. माझ्या बाबतीत तर मागची पकड तशीच राहिलीही नव्हती, ती कमी झाली होती. त्याचं कारण पुढे येईल.

त्याने एक टायर आणून बाजूवरचा आकडा दाखवला. ट्रेडवेअर ५००. "तुमच्या आधीच्यांवर ३०० होतं ना? बघा, जवळपास दुप्पट माल." हा आकडा अमेरिकेतल्या प्रतवारीतला. १०० आकड्याच्या एका प्रमाण टायरच्या तुलनेत नक्षी किती टिकेल, एवढंच तो सांगतो, आणि तो देते टायर बनवणारी कंपनीच. रबर टिकाऊ करताना सहसा पकडीतून काहीतरी द्यावं लागतं. रस्त्यावरच्या स्पोर्ट्स टायरांवर बहुधा २०० ते ३४० दिसतं; ५०० म्हणजे आरामात लांब पल्ला मारणाऱ्या गाडीचा टायर. त्याच ओळीत ट्रॅक्शनचं, म्हणजे पकडीचं, अक्षरही असतं. ते मी कौतुकाने वाचलं. पण ते ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक मारताना मोजलेलं असतं, वळणाबद्दल ते काहीच सांगत नाही. वेगाचं अक्षर मात्र मी पाहिलंच नाही. माझ्या गाडीला डब्ल्यू लागतं, म्हणजे ताशी २७० किलोमीटर. या टायरांवर एच होतं, २१०. मी २१० ने जाणार नाही हे खरं, पण ते अक्षर टायर किती वेग आणि किती उष्णता झेलू शकतो याचं माप असतं.

टायर बसवताना मला बाहेर बसवलं. "मशिनजवळ गिऱ्हाइकाला उभं राहू देत नाही, साहेब." नियम रास्त वाटला. तासाभराने गाडी बाहेर आली तेव्हा चारही टायर काळेभोर चमकत होते. बिलावर एक ओळ: टायर २४५/४० आर १७, नग ४. जुने टायर न्यायचे का, असं मी विचारलं. "राहू द्या, विल्हेवाट आम्ही लावतो." मी त्याचे आभार मानले.

पहिल्या आठवड्यात स्टिअरिंग बदललेलं जाणवलं. रस्त्यावर जड वाहनांनी पाडलेल्या चाकोऱ्या असल्या की गाडी स्वतःहून तिकडे ओढ घ्यायची. पूर्ण वळवलं की पुढून घासल्याचा आवाज. मी मनाची समजूत घातली की रुंद टायर असेच वागतात, आणि नवे आहेत, रुळतील. एवढी रक्कम मोजल्यावर माणूस दुसरं काय म्हणणार?

मग पहिला पाऊस आला. चौकातल्या वर्तुळाला वळसा घालत होतो, वेग सायकलीहून थोडाच जास्त. मागची बाजू अलगद सुटली. डॅशबोर्डवर घसरण रोखणारा दिवा लुकलुकला, गाडी सावरली, मागून कोणी नव्हतं म्हणून निभावलं. संपलेल्या जुन्या टायरांनीही मला असं कधी केलं नव्हतं.

उलगडा झाला तो गाडी धुताना. टायरांची नक्षी व्ही आकाराची होती. असे टायर एकाच दिशेने फिरण्यासाठी असतात आणि बाजूवर बाण असतो. डाव्या चाकांवरचा बाण पुढच्या दिशेला होता. उजव्या बाजूला येऊन पाहिलं तर दोन्ही चाकांवर बाण मागे. व्ही नक्षीचं काम पाणी मधून बाहेर ढकलणं. उलटी फिरली की तेच पाणी ती मध्यावर गोळा करते. मला वाटलं, बसवणाऱ्या पोराची चूक. राग आला, पण संशय आला नाही.

त्या दुकानात परत न जाता मी दुसरीकडे गेलो, हे एक शहाणपण घडलं. तिथल्या दादांनी हवा मोजली तर चारही चाकांत ४४ पीएसआय. बाजूवर लिहिलेला कमाल आकडा उचलून भरला होता. तो गाडीसाठीचा आकडा नव्हेच. गाडीचा आकडा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. मग त्यांनी टायर रिमवरून उतरवले, आतली बाजू वर केली आणि फडक्याने पुसली. "साहेब, हे नवे म्हणून घेतलेत?"

टायरच्या बाजूवर 'डॉट' अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते. तिचे शेवटचे चार आकडे म्हणजे जन्मतारीख: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. बहुतेक टायरांवर ही पूर्ण ओळ एकाच बाजूला असते. दुसऱ्या बाजूला 'डॉट' असलं तरी हे चार आकडे नसतात. माझ्या दोन टायरांवर होतं २३१५, म्हणजे २०१५ चा तेविसावा आठवडा. उरलेल्या दोघांवर ४०१४. मी ते घेतले २०२२ मध्ये.

आता बाणांचं कोडं सुटलं. एकाच दिशेने फिरणारा टायर नीट बसवला तर गाडीच्या एका बाजूला तारीख बाहेर येते आणि दुसऱ्या बाजूला आत जाते. चारही तारखा आत लपवायच्या तर दोन टायर उलटे बसवण्यावाचून गत्यंतर नाही. पोराची चूक नव्हतीच ती. मला ओल्या रस्त्यावर उलट्या नक्षीने धाडलं, ते चार आकडे मला दिसू नयेत म्हणून.

एका टायरला आतून ठिगळ होतं. तो तर नवासुद्धा नव्हता. नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात, नक्षीवर रंगीत रेघा आणि चिकटवलेलं लेबल असतं. यांतलं काहीच मी पाहिलेलं आठवेना. पॉलिश उतरल्यावर बाजूवरच्या केसाएवढ्या भेगाही दिसल्या. रबर वयाबरोबर कडक होतं, आणि मागच्या बाजूने माझी साथ का सोडली ते तिथेच कळलं.

त्याच संध्याकाळी मी फोटो घेऊन त्या टायरवाल्याकडे गेलो. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. "टायर म्हणजे दूध आहे का साहेब, नासायला?" यातही पाव हिस्सा खरं होतंच. सावलीत, नीट ठेवलेला वर्ष-दोन वर्षांचा न वापरलेला टायर वाईट नसतो. पण अनेक कार-कंपन्या सहा वर्षांनी टायर बदलायला सांगतात, आणि काही टायर-कंपन्या बनवल्यापासून दहा वर्षं ही शेवटची मर्यादा मानतात. माझे बसले तेव्हाच सात-आठ वर्षांचे होते. ठिगळाबद्दल म्हणाला, "आमच्याकडून गेला तेव्हा नव्हतं." मापाबद्दल म्हणाला, "हिशेब तुम्हीच केलात." आणि मी बिल पुढे केलं तेव्हा त्याने त्या ओळीवर बोट ठेवलं. 'टायर' लिहिलं होतं. 'नवा' कुठेही नव्हतं. ना कंपनी, ना मॉडेल, ना तारीख. बसवलेला माल परत घेत नाही, ही पाटी तर भिंतीवर आधीपासून होती.

निघताना मांडणीवर लक्ष गेलं. माझे पुढचे दोन जुने टायर तिथे उभे होते, पॉलिश मारलेले. एकाच्या कडेला फुटपाथला घासल्याची चंद्रकोर होती. ती माझीच कर्तबगारी, लगेच ओळखली. ते परत मागितले तर म्हणाला, तुम्हीच सोडून गेलात.

दुसऱ्या ठिकाणच्या दादांनी माझ्या आधीच्या पुढच्या टायरचं मॉडेल विचारलं आणि सांगितलं की ते मागच्या मापात मिळतं. दोनच लागत होते, तेही मागे बसवून काम झालं असतं. पण आता पुढचे गेलेच होते. पुन्हा चार घ्यावे लागले. अठरा इंची रिमवर जावं का, हा किडाही डोक्यात वळवळला. पुढे २२५/४० आर १८ चा व्यास ६३७ भरतो, गणित पुन्हा जुळतं. पण बाजूची उंची १०१ वरून ९० मिलिमीटरवर येते, आणि खड्डा आणि रिम यांच्यातलं एक सेंटिमीटर रबर मला दिसण्यापेक्षा जास्त प्रिय आहे. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणेच घेतले: पुढे २२५/४५, मागे २४५/४०, मॉडेल एकच, अक्षर डब्ल्यू. मॉडेल, माप, भार-वेगाचा कोड आणि चारही टायरांची तारीख बिलावर लिहून झाल्यावर, आणि टायर जमिनीवर आडवे ठेवून दोन्ही बाजू वाचून झाल्यावरच मी मशिनकडे जाऊ दिले. दादांनी मला बाहेर बसायला सांगितलं नाही.

त्या टायरवाल्याने गळ्यात मारलेले चार टायर काही दिवस घरी पडून होते. एकाने विकत मागितलेही. मी कटर आणून चारही टायरांच्या बाजू आरपार कापल्या आणि मग भंगारात दिले. भंगारवाला एक टायर उलटसुलट करून बघत म्हणाला, "हे काय केलंत? चांगले दिसतायत की!"