बायकोसाठी रिव्हॉल्व्हर घेताना रिकॉइलचा अंदाज कसा चुकला, आठ महिन्यांच्या वापरानंतर

आधीच सांगतो, पहिलं रिव्हॉल्व्हर मी चुकीचं घेतलं. बायकोचा हात लहान, म्हणून गन पण लहान आणि हलकी बघायची, एवढाच विचार केला होता. ४३० ग्रॅमचं, पाच राउंडचं (राउंड म्हणजे काडतूस), आखूड नळीचं, पॉइंट ३८ स्पेशल काडतुसाचं. हातात धरलं की खेळण्यासारखं हलकं वाटायचं आणि तिथेच मी फसलो, कारण हातात धरून वजन कळतं, बार झाल्यावर मागे बसणारा धक्का, म्हणजे रिकॉइल, कळत नाही.

रेंजवर आधी मी पाच राउंड मारले. जरा झणझणलं पण ठीक वाटलं. मग तिने घेतलं. तीन बार काढले, नळी समोरच ठेवून शांतपणे सिलिंडर (राउंड भरायचा फिरता भाग) उघडला, दोन राउंड आतच असताना गन टेबलावर ठेवली आणि हात उघडून मला दाखवला. अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या बेचक्यात लालभडक चट्टा. "तुला नाही लागत, मला लागतं" एवढंच म्हणाली. मी म्हटलं होईल सवय. हे वाक्य मी बोलायला नको होतं, कारण पुढचे दोन महिने ती बिचारी सवय करायला बघत होती आणि नेम सुधारायच्या ऐवजी बिघडत चालला होता.

का बिघडतोय ते कळायला एक साधी गोष्ट केली. सिलिंडरमध्ये चार जिवंत राउंड आणि एक रिकामं वापरलेलं केस (काडतुसाचं टरफल) घातलं, सिलिंडर फिरवून बंद केला म्हणजे रिकामं कधी येणार ते तिला माहीत नाही. ते आलं तेव्हा नुसता खट्ट आवाज झाला आणि नळी सरळ खाली गेली, जवळजवळ टेबलाकडे. बार झालाच नव्हता तरी हाताने धक्का आधीच दाबून टाकला होता. डोळेही मिटले होते. हे मी बाजूला उभं राहून बघितलं तेव्हा खरंच वाईट वाटलं, कारण हा दोष तिचा नव्हता, मी हातात दिलेल्या वस्तूने तिला दचकायला शिकवलं होतं.

आता वजनाचं गणित, हे मला आधी कुणी सांगायला हवं होतं. गोळी आणि गॅस जेवढ्या जोराने पुढे जातात तेवढ्याच जोराने गन मागे येते, आणि राउंड तोच ठेवून गनचं वजन निम्मं केलं तर मागे येणारी ऊर्जा दुप्पट होते. दुसरं रिव्हॉल्व्हर घेतलं ते स्टीलचं, ७२० ग्रॅमचं, ३ इंची नळीचं. म्हणजे तोच राउंड मारला तर जुन्या गनमधला धक्का हिच्यापेक्षा दीडपटीहून जास्त. कागदावर हे असं दिसतं, हातात तर फरक त्याहून मोठा वाटतो कारण हलकी गन नुसती जोरात नाही, झटकन पण येते. जड गन ढकलते, हलकी गन चापट मारते.

आणि एक गोष्ट, या असल्या रिव्हॉल्व्हरचा डबल अ‍ॅक्शन ट्रिगर (एकाच ओढीत घोडा मागे जाऊन बार होतो तो) ओढायला साधारण ५ किलोचा जोर लागतो. ५ किलो ओढायचे आणि गन अर्ध्या किलोच्या आतली, तर ती हलणारच ना. म्हणजे हलक्या गनमध्ये बार व्हायच्या आधीपासूनच नेम हलायला लागतो आणि दोष मात्र सगळा रिकॉइलवर जातो.

पण फक्त वजनच नाही, मुठीचा आकार मला वजनाइतकाच महत्त्वाचा वाटतो. जुन्याची लाकडी मूठ अरुंद होती आणि पाठीमागे धातू उघडा, म्हणजे सगळा धक्का एका बारीक पट्टीवर. करंगळीला तर जागाच नव्हती, ती खाली लोंबकळायची. नव्याला रबरी मूठ आहे, मागचा धातू पूर्ण झाकलेला, तिन्ही बोटं बसतात. उलट खूप जाड मूठ घेतली तर बोट ट्रिगरपर्यंत नीट पोचत नाही, मग मनगट वाकडं करून धरलं जातं आणि धक्का थेट अंगठ्याच्या सांध्यावर येतो. म्हणून मूठ जिच्या हातात राहणार तिच्याच हाताने बघायची. अंगठे कुठे ठेवायचे तेही पहिल्याच दिवशी दाखवा, सिलिंडर आणि नळीच्या मधल्या फटीतून तापलेला गॅस बाजूला उडतो, तिथे बोट गेलं तर चांगलंच भाजतं.

राउंडबद्दल. पॉइंट ३८ स्पेशल १८९८ सालचं काडतूस आहे आणि त्यात अगदी मऊ ते चांगले जोरदार असे सगळे प्रकार मिळतात, त्यामुळे "थर्टीएटला रिकॉइल किती" या प्रश्नाला एक उत्तरच नाही. आम्ही १४८ ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) वॉडकटरपासून परत सुरुवात केली. चपट्या तोंडाची गोळी, वेग कमी, कागदाला पंचिंग मशीनने पाडल्यासारखं गोल भोक पडतं. ते भोक बघून पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. प्लस पी चे, म्हणजे जास्त जोरदार, राउंड आम्ही सहाव्या महिन्यात काढले, तेही एका वेळी पाचच. थ्रीफिफ्टीसेव्हन मॅग्नम या जास्त ताकदीच्या काडतुसाच्या रिव्हॉल्व्हरमध्ये थर्टीएट स्पेशल चालतं, उलटं चालत नाही, मॅग्नमचं केस जवळपास ३ मिलीमीटरने जास्त लांब असतं. पण "मॅग्नम घेऊन ठेवू, लागलं तर आहे" म्हणून अगदी हलकं मॅग्नम बायकोच्या हातात देऊ नका, कळकळीने सांगतोय. शिवाय अशा हलक्या गनमध्ये जोरदार राउंड मारले की धक्क्याने उरलेल्या राउंडची गोळी केसमधून पुढे सरकू शकते आणि सिलिंडर अडकतो.

आवाजाचं तर माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आखूड नळीचा आवाज आणि भडका दोन्ही मोठे, आणि माणूस निम्मा दचकतो तो आवाजाला. कानात प्लग आणि वरून कान झाकणारे मफ, दोन्ही लावल्यावर ती म्हणाली "आज राउंड हलके आणलेस का?" राउंड तेच होते!

घेण्याआधी ट्राय करता येत असेल तर एक राउंड मारून ठरवू नका, पहिला धक्का नवलाईत निघून जातो. पाच मारा, थांबा, परत पाच. मधे बघा की दर बारनंतर तिला मूठ परत नीट धरावी लागतेय का. लागत असेल तर गन हातात फिरतेय. आणि "कसं वाटलं" असं विचारू नका, त्यावर "ठीक आहे" येतं. "अजून एक सिलिंडर भरू का?" असं विचारा आणि उत्तर द्यायला किती वेळ लागतो ते बघा.

जड रिव्हॉल्व्हरचे तोटे आहेतच. पन्नासेक राउंडनंतर तिचे खांदे भरून येतात, पर्समध्ये वजन जाणवतं, त्यामुळे रोज जवळ बाळगायचं असेल तर हा हिशोब वेगळा करावा लागेल. आमचं घरी लॉकरमध्ये असतं आणि रेंजवर जातं, आम्हाला ७२० ग्रॅम जड नाही.

दचकणं जायला साडेतीन महिने लागले. घरी रिकाम्या गनवर रोज दहा मिनिटं ट्रिगरचा सराव, राउंड दुसऱ्या खोलीत कुलपात, सिलिंडर दोघांनी आळीपाळीने तपासायचा. गेल्या रविवारी परत ते रिकाम्या केसचं करून बघितलं, खट्ट झालं आणि नळी जागची हलली नाही. नुसत्या डाव्या हाताने मारताना मात्र गोळ्या अजून खालीच जातात, त्यावर आता सराव चालू आहे.