‘तुमच्याच पेशींपासून नवी किडनी’: पहिला हप्ता भरण्याआधी हे वाचा

रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी बिघडली की साठत जाणारा टाकाऊ घटक, पाच-सहाच्या घरात गेलेलं असतं. नेफ्रोलॉजिस्टने, म्हणजे किडनीच्या डॉक्टरने, हातावर फिस्टुला (डायलिसिससाठी शीर आणि धमनी जोडणारी छोटी शस्त्रक्रिया) करून घ्यायला सांगितलेलं असतं आणि घरातल्या कुणाची किडनी जुळत नसते. रुग्ण नेमका अशा वेळी गाठला जातो. व्हॉट्सअ‍ॅपवर एक व्हिडिओ येतो, खाली फोन नंबर. फोनवर डॉक्टर नसतो, ‘कौन्सेलर’ असतो. तो रिपोर्ट मागवतो आणि दुसऱ्या दिवशी सांगतो की केस बसतेय, डायलिसिस टळेल, पेशी स्वतःच्याच असल्याने शरीर त्या नाकारणार नाही. काही लाखांचं पॅकेज, तीन सिटिंग, निम्मे पैसे आगाऊ.

व्हिडिओ बहुधा खरा असतो, म्हणूनच माणसं फसतात. २०११ साली प्रयोगशाळेत अवयव घडवण्यावर काम करणारे अमेरिकेतले डॉ. अँथनी अटाला यांनी ‘टेड’ या व्याख्यानमालेच्या मंचावर थ्रीडी प्रिंटरने छापलेला किडनीच्या आकाराचा नमुना दाखवला. तो काम करणारी किडनी नव्हता. त्याच मंचावर आलेल्या तरुणाला प्रयोगशाळेत घडवलेलं मूत्राशय बसवलेलं होतं, किडनी नव्हे. तरी ‘किडनी छापली’ अशा बातम्या झाल्या आणि त्यांच्या संस्थेला खुलासा करावा लागला. तसली दृश्यं कापून, मागे संगीत लावून विकली जातात.

प्रयोगशाळेत खरोखर काय होतं ते असं. प्रौढ माणसाच्या त्वचेतल्या किंवा रक्तातल्या पेशी घेऊन त्यांना पुन्हा भ्रूणासारख्या मूळपेशींच्या (स्टेम सेल) अवस्थेत नेतात. मेलबर्नमध्ये मेलिसा लिटल यांच्या गटाने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत या पेशींना सुमारे चार दिवस सीएचआयआर ९९०२१ हे रसायन देतात, मग हेपारिनसोबत एफजीएफ ९ हा वाढघटक. सातव्या दिवशी सुमारे पाच लाख पेशींचा गोळा करून सच्छिद्र पडद्यावर ठेवतात, तासभर पुन्हा सीएचआयआर देतात, पुढचे पाच दिवस पुन्हा एफजीएफ ९ आणि त्यानंतर वाढघटकांशिवाय वाढ. एकूण पंचवीसेक दिवसांनी काही मिलिमीटरचं ऑर्गेनॉइड, म्हणजे अवयवाची चिमुकली नक्कल, हाती येतं. त्यात गर्भाच्या पहिल्या तिमाहीतल्या किडनीसारखे अपरिपक्व नेफ्रॉन (रक्त गाळून मूत्र बनवणारे सूक्ष्म घटक) असतात, पण वाहतं रक्त नाही आणि मूत्र बाहेर पडायला वाट नाही. शिवाय चेतापेशी, स्नायूपेशी अशा नको त्या पेशीही त्यात उगवतात. आपल्या एका किडनीत सरासरी दहा लाख नेफ्रॉन असतात. हे ऑर्गेनॉइड औषधं तपासायला आणि आनुवंशिक आजार समजून घ्यायला फार मोलाचं आहे, रुग्णाच्या पोटात बसवायला नाही.

थेट प्रौढ किडनीतल्या पेशींपासूनही ऊती वाढवता येते. नेदरलँड्समधल्या उट्रेक्टच्या संशोधकांनी २०१९ मध्ये किडनीच्या तुकड्यापासून आणि लघवीत सापडणाऱ्या पेशींपासून ‘ट्युब्युलॉइड’ वाढवून दाखवली. पण त्यात फक्त नलिकांचं अस्तर असतं, रक्त गाळणारा ग्लोमेरुलस त्यात बनत नाही.

आता क्लिनिकमधली ‘सिटिंग’ पाहा. सकाळी कमरेच्या हाडातून साठेक मिली बोन मॅरो काढतात, यंत्रात फिरवतात आणि दुपारी सलाइनमधून परत देतात. बोन मॅरोतल्या केंद्रकयुक्त पेशींपैकी मेसेंकायमल मूळपेशी, म्हणजे अशा उपचारांत ज्यांचं नाव घेतलं जातं त्या, फक्त ०.००१ ते ०.०१ टक्के. म्हणजे साठ मिलीतून, मॅरो चांगला निघाला तरी, जेमतेम लाखभर, बहुधा त्याहून कितीतरी कमी. चाचण्यांमध्ये नेहमी दिला जाणारा डोस किलोमागे दहा ते वीस लाखांचा, म्हणजे सत्तर किलोच्या माणसाला सात ते चौदा कोटी. एवढ्या वाढवायला काही आठवडे लागतात. त्याच दिवशी ‘कोट्यवधी मूळपेशी’ दिल्या असं कुणी म्हणत असेल तर त्या पिशवीत बहुतांश रक्तपेशी आहेत. चरबीतून काढलेल्या मिश्रणाचंही तेच. पेशी खऱ्या असल्या, तरी शिरेतून दिलेल्या बहुतेक पेशी आधी फुप्फुसांच्या बारीक वाहिन्यांत अडकतात आणि थोड्या दिवसांत नाहीशा होतात. त्या नेफ्रॉन घडवत नाहीत. माणसात नवे नेफ्रॉन बनणं जन्माआधीच, गर्भाच्या साधारण छत्तिसाव्या आठवड्याला, थांबलेलं असतं.

सुई थेट किडनीत टोचली तर धोका आणखी मोठा. थायलंडमधल्या एका खासगी क्लिनिकमध्ये ल्युपसने (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा आजार) किडनी बिघडलेल्या रुग्णेला तिच्याच रक्तातल्या मूळपेशी टोचल्या गेल्या. किडनीत, यकृतात आणि किडनीवरच्या अधिवृक्क ग्रंथीत गाठी झाल्या, किडनी काढावी लागली आणि पुढे ती दगावली. हा अहवाल २०१० मध्ये किडनीविषयक वैद्यकीय नियतकालिकात आला. ‘स्वतःच्याच पेशी, त्यामुळे अपाय नाही’ हे वाक्य ऐकलं की ही केस आठवावी.

मग रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन कमी कसं दिसतं? पहिला नमुना उलट्या-जुलाब, कमी पाणी किंवा संसर्ग असताना घेतलेला असतो. नंतर सलाइन चढतं आणि आकडा उतरतो. किंवा पहिला नमुना डायलिसिसच्या आधीचा, दुसरा नंतरचा. मटण-चिकन बंद केलं तरी थोडा फरक पडतो. को-ट्रायमॉक्साझोल हे प्रतिजैविक थांबवलं तरी आकडा घटतो, कारण त्यातला ट्रायमेथोप्रिम क्रिएटिनिनला नलिकेतून बाहेर पडू देत नाही. रुग्ण वाळत गेला, स्नायू घटले, तरीही क्रिएटिनिन कमी दिसतं, आणि ही तर वाईट बातमी असते. खरं पाहायचं तर एकाच लॅबमध्ये, डायलिसिसवर असाल तर नेहमी सत्राआधी, तीन महिन्यांच्या अंतराने तपासा. डायलिसिस सुरू नसेल तर सोबत सिस्टॅटिन सी (स्नायूंवर फारशी अवलंबून नसलेली किडनीची रक्ततपासणी) आणि लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाणही मागा.

पैशापेक्षा वेळेचं नुकसान जीवघेणं ठरतं. फिस्टुला वापरण्याजोगा व्हायला दीड-दोन महिने लागतात. पॅकेजच्या भरवशावर तो लांबवला की एक दिवस धाप लागते, पोटॅशियम वाढतं आणि मानेत नळी घालून तातडीने डायलिसिस करावं लागतं, त्यात संसर्गाची भीती. कुणी डायलिसिस ‘हळूहळू बंद’ करायला सांगितलं तर त्या दारातून तसंच मागे फिरा. या काळात प्रत्यारोपण केंद्रामार्फत झेडटीसीसीच्या (अवयववाटप पाहणारी विभागीय प्रत्यारोपण समन्वय समिती) प्रतीक्षायादीत नाव घाला आणि महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

‘आमची ट्रायल आहे’ म्हणाले तर सीटीआरआय (भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंदणी क्रमांक मागा आणि तो संकेतस्थळावर स्वतः शोधा: आजार किडनीचाच आहे ना, केंद्र तेच आहे ना, भरती चालू आहे ना. एथिक्स कमिटीचं आणि औषध नियंत्रकांचं मंजुरीपत्र पाहा. चाचणीत प्रायोगिक उपचाराचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. पॅकेजचं बिल आणि ट्रायल ही जोडी जमत नाही. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्तविकारांसारख्या मान्य आजारांतलं रक्तमूळपेशींचं प्रत्यारोपण सोडलं तर मूळपेशींचा वापर मंजूर चाचणीबाहेर करता येत नाही. किडनीचा आजार त्या अपवादात नाही.

पैसे गेलेच असतील तर व्हॉट्सअ‍ॅपचं संभाषण, पावत्या, संमतीपत्राची प्रत जपा. उपचाराच्या कागदपत्रांसाठी लेखी अर्ज द्या. डॉक्टरने ती ७२ तासांत द्यायची असतात. तक्रार महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते. आयोगात घटनेपासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं, म्हणून ‘पुढच्या सिटिंगनंतर फरक पडेल’ या आश्वासनावर थांबू नका.