यशिका इलेक्ट्रो ३५ घेताय? आधी सेल टाकून बघा

सध्या मुंबईत फिल्म कॅमेऱ्यांचं वेड पुन्हा आलंय आणि त्यात यशिका इलेक्ट्रो ३५ ला भारी मागणी आहे. रेंजफाइंडर, म्हणजे दोन प्रतिमा जुळवून फोकस करायचा कॅमेरा, वापरायचाय पण महागड्या लायकाला हात लावायची ऐपत नाही, अशांसाठी हा उत्तम. १९६६ पासून जपानमध्ये लाखांनी बनला, ४५ मिमीची एफ १.७ लेन्स, आवाज अगदी हळू. मागणी आली की लबाडही येतातच. मला भेटलेल्या विक्रेत्याने नकली माल विकला नाही. कॅमेरा अस्सल होता, जीएसएन मॉडेल, फक्त मेलेला. आणि मेलेला इलेक्ट्रो जिवंत कसा दाखवायचा, हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं.

या कॅमेऱ्यात आपण फक्त अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र किती उघडं ठेवायचं ते ठरवतो. शटर किती वेळ उघडं ठेवायचं ते आतलं सर्किट ठरवतं, उजेड बघून, अगदी ३० सेकंदांपर्यंत. सेल नसला तरी शटर पडतं, पण दरवेळी १/५०० सेकंदालाच. म्हणजे खटका छान वाजतो, लिव्हर ओढली जाते, आकडा पुढे सरकतो. बघणाऱ्याला वाटतं सगळं ठीक.

त्याने भेटायला बोलावलं दादर स्टेशनच्या पुलाजवळ, संध्याकाळी सातच्या गर्दीत. मागून धक्के, वर मिणमिणता दिवा. “दादा, सेलची भानगडच नाही यात. सेल फक्त इशाऱ्याच्या दोन लाइटींसाठी. कॅमेरा पूर्ण मेकॅनिकल आहे, बघा कसा खणखणीत वाजतोय. आणि मूळचा पाऱ्याचा सेल आता मिळतच नाही, विचारा कोणालाही.” शेवटचं वाक्य खरं आहे. ५.६ व्होल्टचा तो सेल केव्हाच बंद झाला. एका खऱ्या वाक्याच्या आड दोन खोटी खपवायची, ही त्याची हातोटी. चौदा हजारांवरून साडेनऊवर आला, तेही “वडिलांची आठवण आहे, पण तुम्ही शौकीन दिसता म्हणून”. पैसे मोबाइलवरून लगेच गेले.

२०० आयएसओचा (फिल्म उजेडाला किती संवेदनशील ते सांगणारा आकडा) रोल टाकला. धुऊन आला तेव्हा मरीन ड्राइव्हवरचे भर दुपारचे फोटो झकास, आणि काळा घोड्याच्या कमानींखालचे, लोकलच्या डब्यातले, घरातले सगळे गायब. निगेटिव्ह जवळजवळ पारदर्शक. फोन केला तर हा उलट मलाच शिकवायला लागला: “उन्हातले आलेत ना? मग कॅमेऱ्यात दोष कसा? तुम्हाला उजेड कळत नाही.” कडक उन्हात २०० च्या फिल्मला एफ ११ अ‍ॅपर्चरवर साधारण १/५०० च लागतं, म्हणून तेवढे फोटो आले. त्यानंतर नंबर ब्लॉक.

गिरगावात एक जुने दुरुस्तीवाले काका आहेत. त्यांनी तळाची पट्टी उघडून माझ्यापुढे धरली. सेलच्या खोबणीतून सर्किटकडे जाणारी वायर गंजून तुटलेली, भोवती हिरवट पूड. पण खोबणीतली पितळी पट्टी, जी बाहेरून दिसते, ती मात्र चकाचक. भिंगातून बघितलं तर तिच्यावर पॉलिशपेपरचे ताजे ओरखडे. “बाहेरून नवरदेव, आतून मयत,” काका म्हणाले. म्हणजे सेल फुटून गळलाय हे त्याने बघितलं होतं, आणि दिसणारा भाग तेवढा घासला होता.

तेव्हा इलेक्ट्रो बघायला जाताना सेल आपला न्यायचा. ४एलआर४४ नावाचा ६ व्होल्टचा छोटा सेल मिळतो, तो चालतो. मूळच्यापेक्षा बारीक आणि आखूड आहे, म्हणून भोवती पुठ्ठा गुंडाळायचा आणि उरलेल्या जागेत स्प्रिंग घालायची. मागचं बटण दाबलं की हिरवा दिवा लागला पाहिजे. मग अ‍ॅपर्चर १६ वर, डायल ऑटोवर, लेन्सच्या वरच्या, उजेड मोजणाऱ्या छोट्या गोल खिडकीवर तळहात आणि खटका दाबून धरा. खटका अर्धा दाबला गेला की उजेड कमी असल्याचा पिवळा बाण पेटला पाहिजे, आणि शटर उघडल्याचा व बंद झाल्याचा आवाज वेगवेगळा, मध्ये बराच वेळ जाऊन आला पाहिजे. झटकन एकच ‘टिक’ आली तर हात जोडून निघा. लिव्हर ओढताना आत ‘ठक’ असा आवाज येतो का तेही ऐका. आतली रबराची गादी झिजली की तो येत नाही आणि शटरची वेळ चुकायला लागते. विक्रेता “सेल टाकू नका, सर्किट जळेल” म्हणाला तर ते कारण ऐकूनही घेऊ नका.

भेट दिवसाच ठेवा. रेंजफाइंडरमधला पिवळा चौकोन लांबच्या टॉवरवर धरायचा: फोकस अनंतावर नेल्यावर दोन प्रतिमा एक झाल्या पाहिजेत. पुलावरच्या अंधारात हे दिसत नाही, आणि सातची वेळ त्यासाठीच असते. मोबाइलचा टॉर्च लेन्सवर पुढून मारा, मग मागचं झाकण उघडून मागून. मुंबईच्या पावसाळ्यात बुरशीने कोणाला सोडलंय!

जाहिरातीतले नमुन्याचे फोटोही नीट बघा. त्याने टाकलेल्यांत एक होता कटिंगच्या ग्लासचा, काठावरचा फेस मोजता येईल इतका जवळून, ग्लासने अख्खी फ्रेम भरलेली. इलेक्ट्रो ०.८ मीटरपेक्षा जवळ फोकसच करत नाही आणि त्याची लेन्स बदलताही येत नाही. तो फोटो दुसऱ्याच कॅमेऱ्याचा.

परवा त्याची नवी जाहिरात दिसली. या वेळी कॅननेट क्यूएल१७ नावाचा दुसरा कॅमेरा आहे, “वडिलांची आठवण”, आणि खाली नमुना म्हणून तोच कटिंगचा ग्लास.