‘कमवा आणि शिका’ योजना : नऊ महिन्यांच्या कामानंतरचा अनुभव

पुण्यातील एका विद्यापीठात एम. ए. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला असताना जुलैमध्ये मी ‘कमवा आणि शिका’ योजनेत नाव नोंदवले आणि मार्चअखेरपर्यंत, सुट्ट्या वगळता, रोज दुपारी तीन तास काम केले. सगळे आधी पैशांचेच विचारतात, म्हणून ते सांगून टाकते : मानधनातून मेसचे बिल भागले, खोलीभाडे मात्र घरूनच मागवावे लागले.

पहिले दोन महिने मला उद्यान विभाग मिळाला. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे रयत शिक्षण संस्थेचे बोधवाक्य असून १९१९ मध्ये ती स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी श्रमाला शिक्षणाचाच भाग मानले होते. त्यामुळे तण काढण्यात मला कधी कमीपणा वाटला नाही. तरीही संध्याकाळी खोलीवर आल्यावर पुस्तक उघडवत नसे, हेही खरे. सप्टेंबरमध्ये ग्रंथालयात जागा रिकामी झाल्याचे कळताच मी लेखी अर्ज केला आणि तिथून या योजनेचा मला खरा उपयोग होऊ लागला.

परत आलेली पुस्तके ड्युई दशांश वर्गीकरणानुसार, म्हणजे विषयाला दिलेल्या आकड्यानुसार, जागेवर लावणे हे माझे काम होते. ३३१ म्हणजे श्रम, ३३२ बँकिंग व वित्त, ३३६ सार्वजनिक वित्त, हे आकडे महिनाभरात तोंडपाठ झाले. एके दिवशी खालच्या कप्प्यातील धूळ पुसताना ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ या राज्य शासनाच्या वार्षिक अहवालाचे जुने अंक हाती लागले; एकाचा पुठ्ठा सुटलेला होता आणि आतल्या एका तक्त्याखाली कुणीतरी पेन्सिलीने बेरीज पुन्हा करून पाहिली होती. तिसऱ्या सत्रातील चार श्रेयांकांचा माझा संशोधन प्रकल्प याच अंकांवर उभा राहिला. सेट या सहायक प्राध्यापकपदाच्या राज्यस्तरीय पात्रता परीक्षेचा शंभर गुणांचा पहिला पेपर सर्व विषयांना समान असतो आणि त्यात संशोधन अभिवृत्तीवर प्रश्न येतात, पीएच. डी.च्या विद्यार्थ्यांना संदर्भ शोधून देताना हा भाग मला जितका उमगला, तितका गाईड वाचून उमगला नव्हता.

तक्रार एकच आहे, पण ती गंभीर आहे. पहिल्या तीन महिन्यांचे मानधन ऑक्टोबरच्या शेवटी जमा झाले, कारण हजेरीपत्रक लेखा विभागाकडे वेळेत पोहोचलेच नव्हते. मेसच्या काकूंनी तोवर उधारीवर जेवू घातले नसते, तर मला काम सोडून गावी परतावे लागले असते. ज्यांच्या गाठीला काहीच नाही अशा मुलामुलींसाठी ही योजना असताना पैसे अडकणे मला मुळीच क्षम्य वाटत नाही.

यंदा अर्ज करणाऱ्यांनी विभागाची पसंती पहिल्याच दिवशी लेखी द्यावी आणि दर महिन्याला सही झालेल्या हजेरीपत्रकाचा फोटो स्वतःजवळ ठेवावा. परीक्षेच्या काळात आमच्याकडे तास कमी करून मिळत, पण त्यासाठी विभागप्रमुखांच्या सहीचा अर्ज आधीच द्यावा लागे.