खळ्यातला गुलाब: गावठी, आइसबर्ग की कलमी?

खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, लावायला गुलाब घेताना नर्सरीत ‘उन्हात टिकेल ना?’ एवढंच विचारलं तर कोकणात अर्धीच चौकशी होते. रत्नागिरी-देवगडच्या किनाऱ्यावर मे महिन्यातही पारा बहुधा ३२-३४ अंशांच्या आसपास असतो. विदर्भातला माणूस याला ऊन म्हणणार नाही. पण रात्री गारवा नाही, थंडी नावापुरती, दिवाळीनंतर पुढचे सहा-सात महिने पावसाचा थेंब क्वचितच, आणि त्याआधीच्या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस. आषाढ-श्रावणात पानं गमावलेलं झाड ऑक्टोबरच्या उन्हात कसंबसं फुटतं आणि तेच एप्रिलमध्ये वाळतं. उन्हाळा काढेल असा गुलाब हवा असेल तर तो आधी पावसाळा काढतो का ते बघायचं.

गावठी गुलाबी गुलाब या कसोटीला सगळ्यांत बरा उतरतो. फूल सैल, पाकळ्या दुसऱ्या दिवशी गळतात, फुलदाणीत त्याची काहीच शोभा नाही. पण वास खरा, देवाला आणि केसात माळायला तोच, गुलकंदही त्याचाच. मुख्य म्हणजे तो फांदीवरून लावलेला असतो, स्वतःच्या मुळांवर. वरून वाळला, गुरांनी ओरबाडला, तरी बुंध्यातून जे फुटतं ते गुलाबच असतं. पावसाळ्यात शेजाऱ्याकडून पेन्सिलीएवढ्या जाडीची फांदी आणून लावली की काम झालं. पैसे द्यायची वेळच येत नाही, म्हणून बहुतेक नर्सऱ्यांना तो ठेवण्यात फारसा रस नसतो.

याच स्वभावाची लाल जात हवी असेल तर ‘ग्रूस आन टेप्लिट्झ’ शोधा. १८९७ सालची युरोपातली जात, पण अंगात चिनी गुलाबाचं रक्त असल्यामुळे उष्ण मुलखात रमली आणि भारतात भरपूर पसरली. चिनी गुलाबांना फुलायला कडक थंडी लागत नाही, वर्षभर थोडं थोडं फुलत राहतात. कनौजच्या अत्तराचा दमास्क गुलाब मात्र थंडी पडून गेल्यावर वर्षातून एकदाच बहरतो. त्याचा मोह कोकणात धरू नये.

कलमी गुलाब, म्हणजे दुकानातल्या फोटोसारखी लांब दांड्यावरची मोठी फुलं: हायब्रीड टी. १८६७ च्या ‘ला फ्रान्स’पासून हा प्रकार मोजतात. घाटावर, पुणे-नाशिककडे, ‘ग्लॅडिएटर’सारखी जात उघड्यावर छान येते. खाली उतरली की तिचे हाल सुरू होतात. पान काही तास सतत ओलं राहिलं की काळ्या ठिपक्यांची बुरशी रुजते, आणि आपल्याकडे पान आठवडेच्या आठवडे सुकत नाही. भरगच्च कळी पावसात न उमलताच कुजते. उन्हाळ्यात कळी घाईने उमलते, फूल निम्म्या आकाराचं येतं, गडद लाल पाकळ्यांच्या कडा करपतात. हे झाड जंगली गुलाबाच्या खुंटावर चांगल्या जातीचा डोळा भरून केलेलं असतं. वरचा भाग मेला आणि खुंट फुटला की घरचे खूश होतात, ‘जोरात वाढतोय’ म्हणून! डोळ्याच्या गाठीखालून आलेला प्रत्येक फुटवा मुळापासून ओढून काढला पाहिजे.

तरीही फूल नोव्हेंबर ते फेब्रुवारी खरोखर देखणं येतं. ऑक्टोबरमध्ये पाऊस उघडल्यावर छाटणी केली की साधारण दीड महिन्यात बहर मिळतो. तेवढ्यासाठी वर्षभर राखण करायची तयारी असेल तर कुंडीत ठेवा: पावसात पडवीच्या वळचणीला पण पागोळ्यांखाली नको, चैत्र-वैशाखात सकाळचं ऊन आणि दुपारी सावली.

‘आइसबर्ग’ (१९५८) ही घोसात फुलणारी पांढरी फ्लोरिबंडा जात या दोघांच्या मधली. काटे कमी, फुलं मध्यम पण सतत. काळे ठिपके हिलाही पडतात. फरक एवढाच की पानं झडली तरी ती लगेच नवी काढते. पांढरी पाकळी उन्हात लालसारखी भाजून निघत नाही. वास जेमतेम.

बटन गुलाब दिसतो गोड, पण छोट्या कुंडीत एका दुपारी पाणी चुकलं तरी कोमेजतो आणि उन्हाळ्यात लाल कोळीचं, म्हणजे पानातला रस शोषणाऱ्या बारीक किडीचं, माहेरघर होतो. पानांच्या खालून पाण्याचा फवारा मारत राहणं हाच रोजचा उपाय.

जातीइतकंच महत्त्व तुमच्या विहिरीला. किनाऱ्याजवळच्या विहिरींचं पाणी मे महिन्यात मचूळ होतं आणि गुलाबाला क्षार सोसत नाहीत. पानाच्या कडा तपकिरी पडू लागल्या की समजावं. जमिनीत असेल तर पावसात तो खार धुऊन जातो, वळचणीच्या कुंडीत तो साठतच राहतो. अशा वेळी कुंड्या पावसाच्या दोन-चार सरींत भिजू द्याव्यात. जांभ्याची माती पाण्याचा निचरा उत्तम करते पण ओल धरत नाही. म्हणून खड्डा मोठा, शेणखत भरपूर, आणि आळ्यात नारळाची सोडणं उलटी अंथरून वर पाचोळा. काळी प्लॅस्टिकची कुंडी तापलेल्या चिऱ्यावर ठेवली तर मुळं शिजतात. मातीची कुंडी पाणी जास्त मागते, पण थंड राहते.

घर वर्षातून दोनदाच, गणपतीला आणि शिमग्याला उघडत असेल तर गावठीशिवाय दुसरा विचार करू नका, आणि तोही आगरात, जिथे माडांचं पाणी त्याला आपोआप मिळेल, पण ऊनही पोचेल. घरात आई-काकू रोज शिंपणारी असतील तर गावठीबरोबर एक आइसबर्ग. कलमी एकच घ्या, हौस म्हणून.

गावठीची फांदी पावसात लावायची. कलम मात्र दिवाळीनंतर आणावं, म्हणजे वैशाखाआधी मुळांना चार-पाच महिने मिळतात. एप्रिलमध्ये नर्सरीत फुललेलं कलम स्वस्तात देत असले तरी उचलू नका. घेताना डोळ्याची गाठ घट्ट आहे ना ते बोटाने चाचपून बघा, आणि लावताना ती मातीच्या बोटभर वर ठेवा.