प्रोटीन पावडर का घरचं खाणं? बडोद्यातल्या शाकाहारी घराचा हिशोब

जिममध्ये थोडाफार टिकलेला प्रत्येक जण कधीतरी ह्या प्रश्नावर येतोच, की पावडरचा डबा घ्यायचा का पोळी-भाजीवरच भागवायचं. मी दोन्ही करून पाहिलंय म्हणून लिहितोय, बाकी मी काही डायटिशियन नाही.

आधी आकडे. मसल वाढवायचे तर वजनाच्या किलोमागे साधारण 1.6 ग्रॅम प्रोटीन धरतात, म्हणजे 65 किलोच्या माणसाला शंभरच्या जरा वर. आपलं दोन वेळचं ताट, पोळ्या, भाजी, वरण-भात, वाटीभर दही धरून, चाळीस-पन्नासच्या पुढे काही जात नाही. उरलेले पन्नास-साठ ग्रॅम आणायचे कुठून, एवढाच वाद आहे. बीसीएए, ग्लुटामाइन वगैरे सुटी अमिनो आम्लं (प्रोटीनचेच घटक) ह्यात आणूच नका, पुरेसं प्रोटीन पोटात गेलं की त्यांची गरज पडत नाही, आणि वजन वाढवायला विकतात ते मास गेनर म्हणजे बहुतेक माल्टोडेक्स्ट्रिनच, म्हणजे स्टार्चची पावडर, त्यापेक्षा दूध-केळं खा.

बडोद्यात हा विषय निघाला की कोणीतरी गामा पैलवानाला मध्ये आणतंच. सयाजीबागेतल्या म्युझियममध्ये गामाने 1902 मध्ये उचलला असं सांगतात तो 1200 किलोचा दगड ठेवलाय ना, तो दाखवून आमचे दांडिया बाजारातले काका म्हणणार, त्याने कुठे पावडर खाल्ली होती? अहो काका, पण त्याचं दूध लिटरांत आणि बदाम शेरांत मोजायचे म्हणतात, आणि आपण सकाळी शेव उसळ खाऊन त्याच्या गोष्टी करतो. पावडर नको म्हणणं सोपं आहे, तिच्या जागी तेवढं खावं लागतं हे कोणी सांगत नाही.

पावडरची बाजू खरंच भक्कम आहे. एका स्कूपमध्ये 24-25 ग्रॅम, शिजवायचं नाही, पोट जड होत नाही, ऑफिसात बसूनही पिता येतं. पनीरशी ताडून पाहिली तर वाटते तेवढी महाग पण नाही, सोयाबीनच्या वड्यांशी ताडली तर मात्र बोलायलाच नको.

माझं बिनसलं ते गोडावर. आता तुम्ही म्हणाल हे काय कारण झालं, पण ऐका तरी. चॉकलेट घ्या, मँगो घ्या, केसर कुल्फी घ्या, सगळं गोड, आणि साधं साखरेचं गोड नाही, सुक्रालोज ह्या कृत्रिम गोडीचं, जे घसा सोडतच नाही. सकाळी सातला ते प्यायचं आणि मग आईच्या हातचा चहा फिक्का लागणार, दहा वाजेपर्यंत जिभेवर तीच चव, आणि जेवायला बसावं तर आमच्या गुजरातच्या पाण्याने आमटीत पण गूळ! दिवसभरात तिखट-मिठाचं म्हणून काही लागेचना. अनफ्लेवर्ड पण आणून पाहिली, ती गोड नव्हती पण दुधाची भुकटी कोमट पाण्यात कालवल्यासारखी, आणि गुठळ्या वेगळ्या. एखाद्याला हे काहीच वाटणार नाही, माझ्या भावाला तर तीच चव आवडते. मला नाही जमलं.

मग खाण्यावर आलो. अर्धा लिटर दुधाचे 16 ग्रॅम प्रोटीन, शंभर ग्रॅम पनीरचे 18, पन्नास ग्रॅम कोरड्या सोया वड्यांचे 26, झाले साठ. वड्या उकळून, घट्ट पिळून, मटकीच्या उसळीत गोडा मसाला घालून टाकल्या की घरचे पण खातात. तोटे आहेत, नाही असं नाही. सुरुवातीला गॅस होतो, रोज कोणीतरी ओट्याशी उभं राहावं लागतं, बाहेरगावी गेलं की सगळं बोंबललं. ज्यांना चालतं त्यांनी संध्याकाळी अंड्याच्या लारीवर (हातगाडीवर) चार उकडलेली खावीत, 24 ग्रॅम तिथेच झाले. घाईच्या दिवसाला अमूलची हाय प्रोटीन छाश (ताक) आहे, 200 मिलीत 15 ग्रॅम, आणि मुख्य म्हणजे गोड नाही.

डब्यातली एकच गोष्ट मी ठेवलीय, क्रिएटिन मोनोहायड्रेट, ताकदीच्या व्यायामाला मदत म्हणून घेतात ते. ते खाण्यातून मिळतं मुख्यतः मांस-मासळीतून, म्हणजे आपल्या ताटात जवळपास नाहीच. रोज 3 ते 5 ग्रॅम पुरतं, लोडिंग, म्हणजे सुरुवातीचे काही दिवस जास्त डोस, केलं नाही तरी चालतं, पाण्यात टाकलं तर फारशी चव पण येत नाही. सुरुवातीला वजन एखादा किलो वाढतं ते पाणी असतं, खूश होऊ नका. रक्ताची तपासणी असेल तर डॉक्टरांना सांगून ठेवा, कारण किडनी कशी चाललीय हे ज्यावरून बघतात तो क्रिएटिनिनचा आकडा त्याने थोडा वर दिसू शकतो. किडनीचा त्रास असणाऱ्यांनी तर आधी विचारूनच काय ते घ्यावं, प्रोटीन पण.

घरात स्वयंपाक होत असेल तर माझ्या मते पावडरची तेवढी गरज नाही. फतेहगंजला हॉस्टेलवर किंवा पीजीत राहत असाल, मेसची डाळ म्हणजे पिवळं पाणी, तर मात्र मी तुम्हाला वड्या पिळत बसा असं सांगणार नाही, घ्या पावडर. फक्त आधी छोटं पाकीट घ्या, चव नाही आवडली तर दोन किलो कोण संपवणार.