मॉडेलला तीन तारे, माकडटोपीला पाच

घेतलं काय: गर्भाशयाच्या प्लास्टिक मॉडेलचा चार तुकड्यांचा संच. रिकामं गर्भाशय, बारा आठवड्यांचं, वीस आठवड्यांचं आणि पूर्ण दिवसांचं. किंमत ४,२०० रुपये. अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका दुकानातून. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जे घडलं ते ऐकून तुम्ही हसाल आणि मालक तसा भला माणूस आहे.

मी नर्सिंगच्या मुलींना शिकवून निवृत्त झाले. आता दर शनिवारी सदाशिव पेठेतल्या एका प्रसूतिगृहात गरोदर बायकांचा वर्ग घेते. सोबत कोणाची सासू असते, कोणाची आई, कधीमधी नवराही. इतकी वर्षं फळ्यावर चित्र काढून भागवलं. पण उलट्या पेर फळासारखं गर्भाशयाचं चित्र काढलं की मागच्या बाकावरून हमखास कुजबूज येते, "वांगं आहे का?" म्हणून हा खर्च.

आधी चांगलं सांगते. पहिला तुकडा खरोखर सुरेख आहे. लांबी साडेसात सेंटिमीटर, रुंदी पाच, जाडी अडीच. पट्टी लावून पाहिली, बरोबर भरली. वरचा घुमट, मधलं शरीर, खाली गर्भाशयमुख, दोन्ही बाजूंना बीजवाहिन्या. गर्भाशय पुढे झुकून मूत्राशयावर रेललेलं दाखवलंय, हे तर फार छान. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात सारखं लघवीला का लागतं, हे मला तोंडाने सांगावंच लागत नाही. तुकडा हातात घेतला की बायका आपणच "हं, हे दाबतंय होय" म्हणतात.

एक खोट आहे. आत ऐसपैस गुहा कोरलीय. खरं तर रिकाम्या गर्भाशयात पुढची नि मागची भिंत एकमेकींना चिकटून असते, रिकाम्या उशीच्या अभ्र्यासारखी. मावलं तर दहा मिलिलिटर मावेल. तेच दिवस भरताना पाच लिटरच्या घरात जातं. आणि वजन! प्लास्टिकचा तुकडा माझ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर ३१० ग्रॅम भरला. खरं गर्भाशय साधारण साठ ग्रॅम, म्हणजे एक मोठं लिंबू. दिवस भरल्यावर बाळ, वार (म्हणजे प्लासेंटा), पाणी सगळं वगळून नुसत्या पिशवीचंच वजन किलोभर होतं. म्हणून मी वर्गात एका हातात लिंबू देते आणि दुसऱ्या हातात मिठाचा पुडा. एका सासूबाईंनी पुडा वरखाली करून सुनेकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आणि मी हिला धुण्याची बादली उचलायला लावते." सून काही बोलली नाही. हसली मात्र.

बारा आठवड्यांच्या तुकड्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. ओटीच्या हाडाच्या वर जेमतेम डोकावतो, बरोबर आहे. वीस आठवड्यांचा बेंबीपाशी येतो, तेही ठीक. दोन्ही अगदी सरळ उभे ठेवलेत. खऱ्या पोटात डाव्या बाजूला मोठं आतडं असतं, त्यामुळे वाढतं गर्भाशय थोडं उजवीकडे वळतं. एवढा बारकावा या किमतीत मागणं जास्त होईल, म्हणून सोडून दिलं.

आता चौथा तुकडा. घरी आणून खोकं उघडलं तर वार सुटून तळाशी पडलेली. दुसऱ्या दिवशी पीएमपीच्या बसने परत दुकानात. मालक म्हणाले, "काळजी करू नका मॅडम, दोन मिनिटांत चिकटवून देतो." फेविक्विकची नळी काढली आणि मी पिशवीतून चष्मा काढेपर्यंत वार चिकटवूनही झाली होती. कुठे? बरोबर गर्भाशयमुखावर! म्हटलं, "अहो, दार बंद केलंत. आता या बाळाला सिझेरियनशिवाय वाट नाही." त्यांना कळेना. वार सहसा वरच्या भागात, पुढच्या किंवा मागच्या भिंतीला असते. खाली मुखावर आली तर ती जोखीम असते, रक्तस्राव होऊ शकतो, हे त्यांना काउंटरवर उभं राहून समजावलं. मागे वह्या घ्यायला आलेली दोन मुलं माना खाली घालून ऐकत होती. मालकांनी पैसे परत करतो म्हटलं, मी नको म्हटलं. घरी ब्लेडने सोडवली. तिथे पांढरा डाग राहिलाय. तो दाखवूनच आता खाली आलेली वार शिकवते, तेवढा फायदा झाला.

पण माझी खरी तक्रार डागाची नाही. प्लास्टिक ताणत नाही, आणि गरोदरपणातली सगळी गंमत ताणण्यातच आहे. मुखाच्या वरचा तो अर्ध्या सेंटिमीटरचा चिंचोळा पट्टा शेवटी दहा सेंटिमीटरपर्यंत लांबून पातळ होतो. सिझेरियनचा छेद बहुतेक तिथेच घेतात, कारण तिथे रक्त कमी जातं आणि जखम नीट भरते. मॉडेलमध्ये हा पट्टा वेगळा दिसतच नाही. सगळी भिंत एकाच गुलाबी रंगाची. मधल्या थरातले स्नायू बाजेच्या सुंभासारखे उलटसुलट विणलेले असतात, रक्तवाहिन्या त्या विणीतून जातात. वार पडल्यावर वीण आवळली की वाहिन्या आपोआप चिमटल्या जातात. बाळंतपणानंतर सिस्टर पोट चोळून "कडक झालं का" पाहतात ते यासाठी, छळ म्हणून नाही. हे त्या गुलाबी प्लास्टिकवर कसं दाखवणार?

शेवटी तुळशीबागेतून लोकरीची माकडटोपी आणली, दीडशे रुपयांना. चेहऱ्याची फट शिवून टाकली. आत नातीची बाहुली, डोकं गळ्याच्या बाजूला. आता वरून दोन्ही हातांनी दाबत गेलं की टोपीचा जाड विणीचा गळा हळूहळू वर ओढला जातो, आखूड होतो, मग उरतच नाही, नुसती किनार राहते. आणि मग ती किनार उघडायला लागते. "मुख पातळ झालंय, पण उघडलं नाहीये" हे डॉक्टरांचं वाक्य गेल्या शनिवारी पहिल्यांदा सगळ्यांना एकदम कळलं. आठव्या महिन्यातल्या एकीने टोपी हातात घेतली ती वर्ग संपेपर्यंत सोडली नाही. बाहुली तीनदा बाळंत केली तिने.

तेव्हा हिशेब असा. शिकवण्यासाठी घ्यायचं असेल तर रिकामा आणि वीस आठवड्यांचा असे दोनच तुकडे मागा, दुकानदार सुटे देतो, २,१०० च्या आसपास पडतात. पूर्ण दिवसांचा घ्यायचाच असेल तर खोकं दुकानातच उघडा, वार हलवून पाहा. आणि सुटली असेल तर चिकटवायला त्यांच्या हातात देऊ नका.